आंबट प्याला

एस्तेरबाई त्रिभुवन यांची मदत घ्यायची तर आधी बोलणी खायची तयारी ठेवावी लागते. मला टायफॉइड झाला होता तेव्हा त्या एकवीस दिवस रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन यायच्या. डब्यात मऊ भात, मुगाचं वरण, आणि सोबत भाषण. "पाणी उकळून प्यायचं कळत नाही, आणि म्हणे मंडळीचे चिटणीस!" असं म्हणत त्या माझ्या उशीचा अभ्रा बदलायच्या, माझ्या बायकोला दोन शब्द सुनवायच्या आणि घोटभर चहाही न घेता निघून जायच्या. बाविसाव्या दिवशी डबा बंद झाला. खरं सांगतो, बरा झाल्यापेक्षा भाषण थांबल्याचा आनंद मला जास्त झाला.

मंडळी म्हणजे आमचं चर्च. नाशिकला शरणपूर रोडच्या मागच्या एका गल्लीत आहे. दगडी भिंती, वर पत्रे, रविवारी सव्वाशे-दीडशे माणसं. मी चौदा वर्षं तिथला चिटणीस आहे. म्हणजे सूचना वाचायच्या, पंखे दुरुस्त करून घ्यायचे आणि सगळ्यांची कुरकुर ऐकायची. बाई आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. मुलींच्या एका वसतिगृहात त्या तीस वर्षं मेट्रन होत्या, आणि तो हुद्दा निवृत्तीनंतरही त्यांनी सोडलेला नाही. नवरा प्रेसमध्ये होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा पुण्यात. चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत बाई एकट्या राहतात. एकट्या म्हणायचं आपलं. पायाला कायम भिंगरी. आज कुणाची बाळंतीण, उद्या कुणाचं ऑपरेशन. मयत झालं की त्या घरी बाई सगळ्यांच्या आधी. बाईमाणूस गेलेलं असेल तर अंघोळ त्याच घालतात, साडी त्याच नेसवतात, आणि रडणाऱ्या सुनांना "गोळ्यांच्या वेळा कोण चुकवत होतं?" हेही त्याच विचारतात.

पण बाईंना काही द्यायला जा, की संपलं. चहा नको, फळं नकोत, कुणी गाडीवर सोडतो म्हटलं तरी नको. नाताळात करंज्यांचं ताट पाठवलं तर ते दुप्पट भरून परत येणार. "मी कुणाचं ठेवत नाही," हे त्या अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला आपण कुणाकुणाचं ठेवलंय ते आठवावं. पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनात सांगितलं, देवाची कृपा ही फुकट मिळते, ती कमावता येत नाही आणि फेडता तर मुळीच येत नाही. बाईंनी पहिल्या बाकावरून मान डोलावली. दुपारी पाळकसाहेबांच्या बायकोनं त्यांना वाटीभर खीर दिली. संध्याकाळी वाटी परत आली, काठोकाठ लिंबाचं लोणचं घालून.

या बाईंचा जीव की प्राण म्हणजे प्रभूचं मेज. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा, आणि अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यात घोटभर द्राक्षरस. आम्ही दहा-दहा जण पुढे जाऊन लाकडी कठड्याशी गुडघे टेकतो, हात पुढे करतो, पाळकसाहेब भाकर देतात, मागून पेल्यांचा ट्रे येतो. हे सगळं तयार करण्याचं काम अठ्ठावीस वर्षं एस्तेरबाईंकडे होतं. मार्चमध्ये त्या दिंडोरीच्या एका बागेत स्वतः जाऊन काळी द्राक्षं निवडून आणत. देठ काढून, उकळून, मलमलच्या फडक्यानं गाळून, पुन्हा उकळून बाटल्या भरत. वर्षभराची बेगमी. महिन्याला एक मोठी बाटली निघायची आणि शुक्रवारी त्यांच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात जायची. त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही.

मेजाचे त्यांचे नियम होते. चादर कडक इस्त्रीची. डोक्यावर पदर. काम करताना बोलायचं नाही. आणि सर्वांत मोठा नियम, रस आधी चाखायचा नाही. देवापुढे ठेवायचं ते माणसाच्या जिभेला आधी लागता कामा नये. हा नियम आमच्या धर्मात कुठेही नाही. तो बाईंच्या आजीचा. आजीच्या माहेरी नैवेद्य न चाखता करायचे. पुढे त्या घरानं धर्म बदलला, गाव बदललं, पण आजीच्या हाताची सवय तशीच खाली उतरली. पाळकसाहेबांनी एकदा भीत भीत विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रवचनात मी मीठ घालते का? मग माझ्या रसात तुम्ही चमचा घालू नका."

शिवाय शिक्षेचंही कलम होतं. मेजाच्या कामात ज्याची चूक झाली त्यानं सहा महिने त्या कामाला हात लावायचा नाही. माझ्या बायकोनं एकदा चादरीला एकाच बाजूनं इस्त्री केली, तर तिचे सहा महिने गेले. ती आजही त्या विषयावर बोलते, आणि ऐकावं मला लागतं.

दोन वर्षांपूर्वी मंडळीत साळूबाई आली. कळवणकडच्या एका वाडीत चार ख्रिस्ती घरं आहेत, त्यांतल्या एका घरची. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा गेल्यावर नाशिकला आली आणि कॉलेजरोडच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. बोलणं कमी, काम चोख. बाईंचे गुडघे दुखायला लागले होते, म्हणून त्यांनी तिला हाताखाली घेतलं. तीन महिने नुसते पेले धुवायला लावले. मग पुसायला. मग कुठे भरायला. साळूबाईनं कधी तोंड वर करून विचारलं नाही. मेजाजवळ उभी राहायची तेव्हा तिचा चेहरा असा उजळायचा, की आम्हालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. आम्ही आपले घड्याळ बघत बसणारे.

आता जुलैतल्या त्या पहिल्या रविवारचं सांगतो.

पाऊस होता, तरी चर्च भरलेलं. माझ्या रांगेची पाळी आली. मी गुडघे टेकले, भाकर घेतली, डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला. आंबट! नुसतं आंबट नाही. तुरट, जीभ आत ओढून घेणारं, कानामागे झिणझिण्या आणणारं. थुंकायचं कुठे? प्रभूच्या मेजाशी कोणी थुंकतं का? गिळलं.

आणि गिळता गिळता मला घाम फुटला. कारण आम्हाला लहानपणापासून एक गोष्ट शिकवलेली, की मन साफ नसताना जो प्याला घेतो त्याच्यावर तो प्याला उलटतो. आदल्याच दिवशी मी चहाच्या टपरीवर चौघांत बोललो होतो की पाळकसाहेब प्रवचनं मोबाइलवरून उतरवतात. पुढे चवीपुरतं थोडं पदरचंही घातलं होतं. आता भोग, म्हटलं. इतक्या लोकांत एकट्या माझ्या तोंडात देवानं रस आंबवला. मी मान खाली घालून जागेवर आलो. त्या दिवशी चर्चमध्ये खोकला जरा जास्त होता. पावसाळा आहे, साथ असेल, एवढंच मनात आलं.

उपासना संपल्यावर मी कुलूप लावायला मागे गेलो, तर मागच्या छोट्या खोलीतून साळूबाई बाहेर पडत होती. तोंडाला पदर लावलेला. "सलाम, साळूबाई," मी आमच्या रीतीनं म्हणालो. ती थांबली नाही. आत बाई उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मला म्हणाल्या, "साळूला सहा महिने मेजाचं काम नाही. लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. कारण विचारलं नाही. बाईंना कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

पुढचा आठवडा मी जन्मात विसरणार नाही. सोमवारी सकाळी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो आणि टपरीवरचं सगळं कबूल केलं. ते आधी गोरेमोरे झाले, मग त्यांनी मला मिठीच मारली. मला त्यांचा मोठेपणा फार जाणवला. मंगळवारी आमचे पंच दत्तूमामा आपल्या सख्ख्या भावाकडे, बहिरूकडे गेले. दोन घरांमधल्या एका भिंतीवरून नऊ वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं. मामा गेले आणि दारातच भावाचे पाय धरायला वाकले, धाकट्याचे! गायकवृंदात पुढे कोण उभं राहणार यावरून तीन बायकांची जुंपलेली होती. त्या तिघी आता "तू पुढे, तू पुढे" करायला लागल्या. मंडळीत एकाएकी असा गोडवा पसरला की चिटणीस म्हणून मला काम उरलं नाही. फक्त साळूबाई पुढच्या रविवारी आली नाही, आणि बाई पहिल्या बाकावर बसून गीत म्हणेनात.

त्यानंतरच्या गुरुवारी बाईंनी मला घरी बोलावलं. टेबलावर एकसारख्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एक काठोकाठ भरलेली, एकीच्या तळाला थोडंसं काही उरलेलं. दोन्हींत तोच काळपट जांभळा रंग.

"वास घ्या," बाई म्हणाल्या.

भरलेल्या बाटलीला द्राक्षांचा वास होता. दुसरीचं बूच काढलं आणि त्या रविवारची चव माझ्या जिभेवर उभी राहिली.

"हे काय आहे?"

"जांभळाचा शिरका, व्हिनेगर. माझ्या साखरेसाठी मी सकाळी चमचाभर घेते. मंडळीनं पेला पेला घेतला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या शनिवारी वीज जाणार होती म्हणून त्यांनी फ्रिज रिकामा करून धुतला. परत लावताना शिरका वरच्या कप्प्यात ठेवला आणि रस खालच्या. रविवारी साळूबाईला सांगितलं, वरच्या कप्प्यातली बाटली घेऊन ये. तिनं वरच्या कप्प्यातलीच आणली. शेवटचा पेला नेहमीप्रमाणे बाईंनी घेतला तेव्हा त्यांना कळलं. मागच्या खोलीत त्या साळूबाईवर तुटून पडल्या: खालच्या कप्प्यातली बाटली उचललीस, एवढं साधं काम जमलं नाही. साळूबाईनं तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "चुकलं, बाई." घरी येऊन बाईंनी फ्रिज उघडला. रसाची बाटली खालच्या कप्प्यात होती.

हे ऐकून मला काय वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. मला आला राग. "म्हणजे मी पाळकसाहेबांपुढे उगाच नाक घासलं?"

"उगाच?" बाई म्हणाल्या. "बोलला होतात की नाही त्यांच्याबद्दल?"

"बोललो होतो."

"मग उगाच कसं?"

मग मी शहाणपण सांगायला लागलो. म्हटलं, बाई, झाकली मूठ ठेवा. कुणाला काही कळलेलं नाही. दत्तूमामा नऊ वर्षांनी भावाच्या घरी जेवले. हे बाहेर आलं तर मंडळी हसेल, आणि ज्यांनी माफ्या मागितल्या ते परत माघारी फिरतील. साळूबाईचं म्हणाल तर सहा महिने असे निघून जातील.

"अकरा दिवस मीही स्वतःला हेच सांगतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. चुकीचं काय, म्हाताऱ्या बाईची होते चूक. भीती नियमाची वाटते, चिटणीस. नियम माझा आहे. खरं बोलले की मेज जातं. नवरा गेला, पोरगा लांब, वसतिगृह सुटलं, तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी मला वाटायचं, देवाला माझी गरज आहे. मेज गेलं तर माझ्याकडे काय राहतं?"

"पण ती मेसमधली बाई माझी चूक डोक्यावर घेऊन गेली, आणि मी तिला जाऊ दिलं. आज मेसमध्ये जाऊन आले. ती रजा टाकून गावी गेलीय. उद्या सकाळची कळवणची बस आहे. तुम्ही बरोबर चला." हे विचारणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसमध्ये बसलो. दिंडोरी आली, दोन्ही बाजूंना मांडवांवर द्राक्षाच्या वेली हिरव्यागार झालेल्या. दर मार्चला ज्या बागेत जायच्या ती बाग खिडकीतून गेली, तरी बाईंनी मान वळवली नाही. वणी गेली, घाट गेला. कळवणला उतरून एका टमटमनं आम्ही वाडीवर पोचलो. साळूबाई मक्यात निंदणी करत होती. आम्हाला बघून विळा तसाच हातात धरून बांधावर आली. "बाई, तुम्ही? एवढ्या चिखलात?"

बाईंनी सलामही केला नाही. सबंध रस्ता त्यांनी ते वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं, ते सांडून टाकलं. "साळू, चूक माझी होती. फ्रिज मी धुतला, बाटल्या मीच उलट्यापालट्या ठेवल्या."

"म्हाईत हाय, बाई."

"माहीत आहे?"

"वरच्याच कप्प्यातली आणली व्हती मी. वतताना वास बी आला. पर मेजापाशी बोलायचं नाय ना, म्हून बोलले नाय."

"आणि नंतर? मी एवढी बोलले तुला, तेव्हा का नाही सांगितलंस?"

साळूबाईनं विळा खाली ठेवला आणि हात लुगड्याला पुसले. "तुमचे हात कापत व्हते, बाई. मला वाटलं, आता बोलले तर ह्या खाली बसतील. म्हटलं, माझ्या नावावर लय चुका हायत. त्या समद्या येशूनं उचलल्याच की. मंग मी तुमची एक उचलली तर काय झालं?"

बाईंना मी नवऱ्याच्या मयतातही रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बांधावर उभ्या राहून त्या रडल्या, नाक गळेपर्यंत, हातातली छत्री तशीच उघडी, आणि पाऊस नव्हता. चौदा वर्षं मी कृपेवरची प्रवचनं ऐकतोय, पाठही झालीत, पण ती अशी मक्याच्या शेतात मळक्या हातांनी उभी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरात साळूबाईच्या आईनं, कुसाबाईनं, चहा केला. बाई सवयीनं म्हणाल्या, "नको." म्हातारी फणकारली, "का? आमच्या घरचा च्या चालत नाय व्हय?" बाईंनी मुकाट्यानं कप घेतला. पण मूळ स्वभाव जातो कुठे? निघताना छत्री कुसाबाईच्या हातात कोंबली आणि कळवणपर्यंत भिजत आल्या. तेव्हा मात्र पाऊस होता.

रविवारी सूचनांच्या वेळी मी बसलो आणि बाई पुढे उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाकावर साळूबाई होती, शनिवारीच आलेली. बाईंनी लांबण लावली नाही. पहिल्या रविवारी पेल्यांत द्राक्षरस नव्हता, जांभळाचा शिरका होता, चूक माझी, साळूची नाही, आणि मी तिच्यावर खोटा आळ घेतला, पुढे सत्य कळल्यावरही अकरा दिवस गप्प बसले. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागते.

मग दत्तूमामा हळूच उभे राहिले. "म्हणजे बाई, आंबट सगळ्यांनाच लागलं?"

"सगळ्यांनाच."

"मला वाटलं मलाच!"

"मलाही," गायकवृंदातून आवाज आला. "मलासुद्धा," आणखी एक. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि कोण आधी हसलं कोण जाणे, पत्रे हादरतील असं हसू फुटलं. पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले, "मी तर सर्वांत आधी प्यालो. वाटलं, मोबाइलवरून प्रवचन उतरवलं ते देवाला कळलं." मी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.

बहिरू मागच्या बाकावरून ओरडला, "दादा, मग आता माफी परत घेणार काय रे?"

"घेतो की. पण आधी तुझ्या बायकोनं घातलेलं जेवण परत कसं करू ते सांग," मामा म्हणाले, आणि पुन्हा हसू उसळलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात वर केला. "नियम माझा आहे. सहा महिने मी मेजाच्या कामाला हात लावणार नाही. कपाटाची किल्ली साळूकडे." पाळकसाहेब म्हणाले, बाई, असा नियम मंडळीनं कधी केलाच नव्हता. "मग इतरांना लावला तो काय होता?" असं म्हणत त्या सरळ माझ्या बायकोच्या बाकापाशी आल्या आणि त्या अर्ध्या इस्त्रीच्या चादरीबद्दल सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. बायको इतकी गोंधळली की तिनंच उलट माफी मागितली. पाळकसाहेबांनी त्यातल्या त्यात एक काम साधून घेतलं. यापुढे रस आधी चाखायचा, असं जाहीर करून टाकलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नाही. मेजाचं नुसतं काम नाही, मेजच सोडायचं त्यांनी ठरवलं होतं.

ते ऑगस्टच्या पहिल्या रविवारी कळलं. साळूबाईनं सगळं एकटीनं केलं होतं. चादर कडक, पेले लखलखीत. बाई पहिल्या बाकावर नव्हत्या. दाराजवळ, शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रांगा पुढे जात होत्या, परत येत होत्या. शेवटची रांग उठली, बाई उठल्या नाहीत. रांग परत आली. पाळकसाहेबांनी थोडं थांबून पाहिलं, मग भाकरीवर फडकं झाकलं. मी मागे वळून बाईंना खूण केली. त्यांनी माझ्याकडे वसतिगृहातल्या नजरेनं पाहिलं. मी पुढे तोंड केलं.

तेवढ्यात साळूबाई ट्रे घेऊन कठड्याबाहेर आली. असं आमच्याकडे कधी कुणी केलेलं नाही. ट्रेमध्ये एकच भरलेला पेला होता. ती मधल्या वाटेनं चालत शेवटच्या बाकापर्यंत गेली.

"साळू," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, पण आमच्या चर्चमध्ये दबका आवाजही सगळीकडे पोचतो, "ट्रे असा कठड्याबाहेर आणत नाहीत."

"मंग उठा."

"मी नाही येत. माझी लायकी नाही."

"लायकी व्हती म्हून कोन गेलं तिथं?" साळूबाईनं आवाज खाली आणायची तसदी घेतली नाही. "मी गेले काय? हे चिटणीस गेले काय?"

माझे कान तापले, पण ती बोलली ते खरं होतं.

"मला काही आणता आलं नाही या खेपेला," बाई म्हणाल्या. "रस तुझ्या हातचा, भाकर तुझ्या हातची. मी काय घेऊन जाऊ?"

"काय बी नको. नुसतं या."

बाईंनी पुढच्या बाकाला धरलं आणि त्या उठल्या. पुढे साळूबाई, मागे बाई. कठड्याशी आल्यावर दुखरे गुडघे सांभाळत त्या खाली बसल्या आणि दोन्ही तळहात उघडून पुढे केले. पाळकसाहेबांनी भाकरीवरचं फडकं पुन्हा काढलं. बाईंनी भाकर घेतली. साळूबाईनं दिलेला पेला घेतला. डोळे मिटून सावकाश प्यायल्या.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, गीत झालं, लोक बाहेर पडायला लागले. साळूबाई पेले गोळा करत होती, चादर काढत होती, तिची एकटीची धांदल चालली होती. बाई कठड्याशी तशाच बसून होत्या. आवरायला उठल्या नाहीत.